डायव्हर्टर दाब वाढवत नाही
महागडा डायव्हर्टर बसवला की शॉवर जोरात येतो, असं दुकानातही सर्रास सांगितलं जातं. डायव्हर्टर (गरम-गार पाणी मिसळून शॉवरकडे किंवा खालच्या नळाकडे वळवणारा, भिंतीत गाडलेला व्हॉल्व्ह) दाब निर्माण करत नाही. चांगला डायव्हर्टर असलेला दाब कमी वाया घालवतो, एवढंच. घसरगुंडी गुळगुळीत असली तर मूल अडखळत नाही, पण वेग येतो तो उंचीतून. टाकीतलं पाणी शॉवरच्या जितकं वर, तितका दाब: दर 10 मीटरला साधारण 1 बार. वरच्या मजल्यावर टाकी जेमतेम 3 मीटर वर असेल तर 0.3 बारच मिळतो. तिथे ‘हाय-फ्लो’ बॉडी (डायव्हर्टरचा भिंतीत गाडला जाणारा भाग) घ्यावी, परातीएवढा शॉवर टाळावा. तरीही भागलं नाही तर प्रेशर पंप.

डायव्हर्टर बसवताना घोळ होतो तो भिंतीत किती खोल बसवायचा या मापात. बॉडीवरच्या प्लास्टिकच्या टोपीवर किमान-कमाल खुणा असतात. टाइलचा पृष्ठभाग त्यांच्यामध्येच यायला हवा. प्लंबर खूण प्लास्टरला धरतो, टाइलची जाडी विसरतो; मग बॉडी आत जाते आणि नॉब बसत नाही. टाइल लावण्याआधी लाइन धुऊन, दाब देऊन गळती तपासावी. कार्ट्रिज (आतला फिरणारा भाग) नॉब काढून बदलता येतं. बॉडीच गळली तर टाइल फोडण्यावाचून इलाज नाही.