सिंदेवाहीत जमलेले सहाध्यायी

‘सहाध्यायी’ हा शब्द आपल्या संहितांच्या वाचनातून अंगवळणी पडलेला असला, तरी त्याचा खरा अर्थ कळण्यास वयाची पन्नाशी यावी लागते असे दिसते. आमची तुकडी १९९२ साली नागपूरच्या एका आयुर्वेद महाविद्यालयात दाखल झाली आणि आंतरवासिता आटोपून १९९८ मध्ये पांगली. त्यानंतर लग्नकार्यात, परिषदांत, क्वचित रेल्वेच्या फलाटावर दोघा-तिघांची गाठ पडे. परंतु सर्वांनी ठरवून एकत्र बसावे असे कधी घडले नव्हते. गेल्या दिवाळीनंतर ते घडले, आणि त्यासाठी नागपूर वा पुणे न निवडता सर्वांनी सिंदेवाही निवडली, याचे आश्चर्य मला आजही वाटते. चाळीसपैकी चौदा जण आले. यजमानपद अर्थातच माझ्याकडे होते. कारण तुकडीतून चंद्रपूर जिल्ह्याच्या या टोकाला व्यवसाय थाटणारा मी एकटाच.

विद्यार्थिदशेत सुटी संपवून परतताना मी नागभीडला जाई आणि तेथून अरुंद रुळांवरच्या छोट्या गाडीने भिवापूर, उमरेड करीत इतवारीला उतरे. त्या गाडीच्या संथपणावर वर्गात पुष्कळ विनोद होत. ‘कफप्रधान गाडी’ हे तिचे नाव आमच्याच तुकडीने ठेवलेले. रुंदीकरणासाठी तो मार्ग २०१९ मध्ये बंद झाला आणि छोटी गाडी इतिहासजमा झाली. त्यामुळे या वेळी मंडळी मोटारींनी आली. उतरल्याबरोबर प्रत्येकाने दुसऱ्याच्या केसांची आणि पोटाची प्रकृतिपरीक्षा केली, हे सांगणे नलगे.

दुपारच्या पंगतीत एचएमटी तांदळाचा भात होता. हे वाण शोधणारे दादाजी खोब्रागडे शेजारच्या नागभीड तालुक्यातील नांदेड गावचे. ‘पटेल-३’ या वाणाच्या शेतात वेगळ्या दिसलेल्या लोंब्या त्यांनी जपल्या, वाढविल्या, आणि त्या काळच्या प्रसिद्ध घड्याळाचे नाव त्या धानाला मिळाले. २०१८ मध्ये ते निवर्तले. भातासोबत लाखोळीची डाळ होती. ती पाहताच रोगनिदानात सर्वाधिक गुण मिळविणाऱ्या आमच्या वर्गभगिनीने, ‘अरे, कलायखंज करायचा बेत आहे की काय?’ असे विचारले. एका जेवणाने काही होत नाही, हे तिलाही ठाऊक होते. धान कापल्यावर उरलेल्या ओलीवर येणारे हे कडधान्य गरिबांनी पिढ्यान्‌पिढ्या खाल्ले. टंचाईच्या वर्षी महिनोन्‌महिने तेच खावे लागले, तेव्हा पाय गेले. तिने डाळ दोनदा वाढून घेतली.

मग एकेकाने आपापला वृत्तांत सांगावा असे ठरले. आरंभी सर्वांनी मुलांच्या प्रवेशपरीक्षा, सुनांचे माहेर, केदारनाथ आणि कन्याकुमारी इतकेच सांगितले. व्यवसायाचा विषय सगळेच टाळीत होते. ती कोंडी पुण्याहून आलेल्या मित्राने फोडली. सूत्रस्थान ज्याला तोंडपाठ होते असा हा मुलगा. गेली वीस वर्षे तो मोठ्या रुग्णालयांत रात्रपाळीचा निवासी वैद्यकीय अधिकारी आहे. ‘रात्री अकराला जातो, सकाळी सातला येतो. सलाइन, ऑक्सिजन, केसपेपर. चरक शेवटचा कधी उघडला ते आठवत नाही. नाडी पाहतो ती घड्याळाकडे बघून, ठोके मोजायला,’ असे त्याने शांतपणे सांगितले. कोणी हसले नाही.

वाचकहो, त्याच्याकडे बोट दाखविण्याचा अधिकार आमच्यापैकी कोणासही नव्हता, मला तर नाहीच. १९९९ मध्ये मी येथे दवाखाना उघडला तेव्हा पहिल्या सहा महिन्यांत काढे आणि चूर्णे यांवर घरभाडेही निघेना. रोवणीच्या दिवसांत तापाने फणफणलेली बाई ‘डाक्टरसाहेब, सुई द्या, उद्या बांधीत जायचे आहे’ असे म्हणते, तेव्हा तिला लंघन-पाचनाचा क्रम समजावून सांगण्यास मोठे धैर्य लागते. त्या वयात ते माझ्यापाशी नव्हते. १९९२ आणि १९९९ च्या शासकीय अधिसूचनांनी आधुनिक औषधांची वाट मोकळी केली होतीच. मी सुई दिली. पुढे संधिवात, अम्लपित्त, त्वग्रोग, सूतिकावस्था यांत हळूहळू आपल्या चिकित्सेकडे वळलो, तरी आजही माझ्या दवाखान्यातील दोन कपाटांपैकी एक तसलेच आहे. तेही मी त्या दिवशी सर्वांसमक्ष सांगितले.

ज्या वर्गभगिनीने कलायखंजाची आठवण काढली, तिची हकिकत मात्र वेगळी. नवसंजीवन योजनेतील भरारी पथकात मानसेवी वैद्यकीय अधिकारी म्हणून तिने गडचिरोली जिल्ह्याच्या दक्षिण भागात अकरा पावसाळे काढले. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटे, हे आपण वर्तमानपत्रात वाचतो. तिने ते पलीकडच्या काठावर बसून अनुभवले. हिवताप, कुपोषण, सिकलसेल, अवघडलेली बाळंतपणे. ती म्हणाली, ‘तिथे मला कोणी पॅथी विचारली नाही. माडिया बायका फक्त एवढेच पाहायच्या, की ही पुन्हा येणार आहे का.’ आता ती वर्ध्याला असते आणि गर्भिणीपरिचर्येचे छोटे केंद्र चालविते. तिच्या यजमानांची नोकरी बदलीची असल्याने मुलीने सहा शाळा पाहिल्या. मुलगी वैद्यकाकडे वळली नाही. याविषयी तिला खेद आहे का, असे कोणी तरी विचारले. त्यावर तिने पाण्याचा पेला मागितला.

परदेशगमनाची कथा एकच निघाली, पण ती ऐकण्याजोगी होती. पंचकर्मात रस असलेला आमचा एक मित्र जर्मनीत गेला. तेथे डॉक्टर नसलेल्यास स्वतंत्रपणे उपचार करावयाचे तर ‘हाइलप्राक्टिकर’ हा परवाना लागतो आणि आपली पदवी तेथे डॉक्टर म्हणून धरली जात नाही. त्यामुळे सुरुवातीची पाच वर्षे तो एका उपचारकेंद्रात केवळ अभ्यंग करणारा होता. तिळतेल कोमट किती असावे, यावर तेथील रुग्ण त्याच्याशी तासभर चर्चा करीत; निदानाविषयी मात्र त्याने तोंड उघडावयाचे नाही. ‘घरी वडिलांना मी सांगितलेच नाही की माझ्या हाताखाली कोणी नाही, मीच हाताखालचा आहे,’ असे तो म्हणाला. पुढे जर्मन भाषेत परीक्षा देऊन त्याने परवाना मिळविला. हे ऐकताना पुण्याचा मित्र एकटक त्याच्याकडे पाहत होता.

संध्याकाळी आम्ही गावाबाहेरच्या रस्त्याने थोडे फिरून आलो. सर्वांना जंगलात जाऊन वनस्पती पाहण्याची हौस होती. द्रव्यगुणाच्या सहलींची आठवण निघाली होती. मी नकार दिला. मे २०२५ मध्ये याच तालुक्यात तेंदूपत्ता तोडण्यास गेलेल्या तीन स्त्रिया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात मृत्युमुखी पडल्या. ताडोबाची कीर्ती पर्यटकांना खेचते, परंतु त्याभोवतीच्या जंगलात मोह आणि तेंदूच्या दिवसांत जाणाऱ्यांना दुसरे साधन नसते. अशा घरांतील माणसे माझ्याकडे येतात, झोप येत नाही म्हणून. अश्वगंधा देतो, तिने काय होणार ते मला कळते.

याच्याशी जोडलेली एक गोष्ट आपल्या सर्वांच्या व्यवसायाशी निगडित आहे, म्हणून सविस्तर लिहितो. मला वीस वर्षे कुड्याची साल, बेहडा, बिबा आणि गुळवेल आणून देणारा एक वृद्ध गृहस्थ होता. पांढरा कुडा आणि काळा कुडा यांतील भेद तो साल जिभेवर ठेवून सांगे. पांढऱ्याचा कडवटपणा काळ्यास नाही. खोडाभोवती पूर्ण वलय करून साल काढली तर झाड मरते, म्हणून तो एकाच बाजूची पट्टी काढी आणि त्या झाडाकडे पुन्हा काही वर्षे जात नसे. बिबे गोळा करताना हातास तेल चोळी. दोन वर्षांपूर्वी मुलांनी त्याला जंगलात जाण्यास बंदी केली, आणि ते योग्यच झाले. त्यानंतर मी बाजारातून कुटजत्वक् मागविली. तिच्या काढ्याने ग्रहणीच्या दोन रुग्णांस काहीच गुण येईना. साल चाखून पाहिली, तर ती फिकी! काळ्या कुड्याची भेसळ आपण पुस्तकात वाचतो, परीक्षेत लिहितो; ती स्वतःच्या रुग्णावर अनुभवणे निराळे. म्हाताऱ्याला नमुना दाखविला. त्याने थुंकून टाकला आणि म्हणाला, ‘हे काहून आणले बाप्पा?’

हे ऐकून पुण्याच्या मित्राने त्या म्हाताऱ्याचे वय विचारले. मी सांगितले, त्र्याहत्तर. ‘मग त्याला जे येते ते लिहून कोण घेणार?’ याला माझ्यापाशी उत्तर नव्हते. माझी मुलगी पुण्यात संगणकाच्या क्षेत्रात आहे. आम्ही उभयतांनी आता तिकडे यावे असा तिचा आग्रह आहे, आणि माझ्या गुडघ्यांचाही. हा दवाखाना बंद करावा की कोणाच्या हाती द्यावा, हे गेले वर्षभर ठरत नाही, हेही मी त्या रस्त्यावर पहिल्यांदाच कोणापाशी बोललो.

रात्री जवळच्या गावी मंडईनिमित्त नाटक होते. झाडीपट्टीत दिवाळीनंतर नाटकांचा हंगाम असतो, वडसा येथील कंपन्या गावोगाव फिरतात आणि पडदा उघडतो तो पहाट होईपर्यंत. थंडीत घोंगड्या पांघरून आम्ही चौदा जण ताडपत्रीवर बसलो. गोंदिया जिल्ह्यातील आमचा एक मित्र वसतिगृहात नाटकांतील खलनायकाची नक्कल फार सुरेख करी. एप्रिल २०२१ मध्ये करोनाने तो गेला; शेवटच्या आठवड्यापर्यंत रुग्ण तपासत होता. रंगमंचावर खलनायक आला तेव्हा आमच्या रांगेत सर्वांनी एकदम टाळ्या वाजविल्या. पुढच्या मंडळींनी वळून पाहिले. त्या पात्राने अजून काहीच केले नव्हते.

दुसऱ्या दिवशी मंडळी पांगली. पुण्याचा मित्र मात्र थांबला आणि सकाळी नऊ वाजता माझ्या आधीच दवाखान्यात जाऊन बसला. पहिला रुग्ण नवरगावकडचा शेतकरी होता. सकाळी सांधे आखडतात अशी तक्रार. मित्राने घड्याळ काढून टेबलावर पालथे ठेवले आणि तीन बोटांनी नाडी धरली. बराच वेळ गेला. शेतकरी अस्वस्थ होऊन माझ्याकडे वळला आणि हळूच विचारता झाला, ‘हे नवे डाक्टर सुई देत नाहीत का?’

‘अजून ठरले नाही,’ मी म्हणालो. मित्राने मान वर न करता त्याला जीभ दाखविण्यास सांगितले.