वीज, वेदना आणि रक्तदाब

वेदनेवर विजेचा उपाय तसा जुनाच. इसवी सनाच्या पहिल्या शतकात स्क्रिबोनिअस लार्गस या रोमन वैद्याने डोकेदुखीवर विद्युत्-मत्स्याचा उपयोग नमूद केला आहे. या उपायास शास्त्रीय बैठक लाभली ती १९६५ साली. रोनाल्ड मेल्झॅक व पॅट्रिक वॉल यांनी त्या वर्षी ‘द्वार-नियंत्रण’ सिद्धान्त मांडला. मज्जारज्जूत वेदनेच्या संदेशांसाठी जणू एक दार असते. स्पर्शाचे जाड मज्जातंतू चेतविले गेले की ते काहीसे मिटते. ठेच लागताच आपण ती जागा चोळतो, ते याचमुळे. त्वचेवर चकत्या चिकटवून सौम्य प्रवाह देणारे ‘टेन्स’ यंत्र याच तत्त्वावर चालते. काही रुग्णांना त्याने आराम पडतो; मूळ व्याधी मात्र बरी होत नाही.

रक्तदाबाची गोष्ट निराळी आहे. मानेतील मोठ्या रोहिणीच्या भित्तिकेतील मज्जातंतू दाब वाढल्याची वर्दी मेंदूस देतात. मग हृदयाची गती मंदावते व रक्तवाहिन्या सैलावतात. शस्त्रक्रियेने यंत्र बसवून हे तंतू चेतविण्याचे प्रयोग १९६०च्या दशकापासून झाले. ते काम तज्ज्ञांचेच होय. टेन्सच्या चकत्या मानेच्या पुढील बाजूस लावू नयेत, कारण तेथे दाब एकाएकी उतरण्याचा धोका असतो. पेसमेकर बसविलेल्यांनी वैद्यकीय सल्ल्याविना हे यंत्र वापरू नये.

उच्च रक्तदाब बहुधा लक्षणांवाचून वाढतो. यंत्राच्या भरवशावर गोळ्या सोडणे म्हणजे पक्षाघातास निमंत्रण देणे होय. दाब नियमितपणे प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासून घ्यावा, हे शाळेत व ग्रामसभेत आवर्जून सांगितले पाहिजे.