बासा: एक नाव, तीन भाषा

बडोद्याच्या एका श्रोत्याने विचारलंय, "सर, आफ्रिकेतली बासा भाषा नेमकी कुठली?" या नावाने मीही फसलोय. नकाशावर ते तीन ठिकाणी दिसलं आणि मी धरून चाललो की भाषा एक, बोली तीन. नकाशा असा वाचला तर पलटण भलत्याच गावात पोचते!

लायबेरियातली बासा क्रू कुळातली. तिला 'वाह' नावाची स्वतःची लिपी आहे. नायजेरियातली काइंजी गटातली. तिच्या बासा-गुम्ना आणि बासा-काँतागोरा या शाखा हौसा भाषेपुढे जवळजवळ संपल्या. तिसरी कॅमेरूनची, बांटू कुळातली. एकीचा माणूस दुसरीच्या गावात मुकाच.

आज कॅमेरूनचीच सांगतो. सनागा नदीच्या खालच्या भागात, एदेआ आणि एसेकाच्या आसपास ती बोलतात. आपण 'मुलगा'चं 'मुलगे' करताना शब्दाचा शेवट बदलतो, तिथे सुरुवात बदलते. 'मुत' म्हणजे माणूस, 'बोत' म्हणजे माणसं. यातला 'ब' आपला नव्हे. हवा किंचित आत ओढून तो उच्चारतात. उल्हासनगरच्या सिंधी शेजाऱ्याला विचारा, त्याच्याकडे तसाच 'ब' आहे.

म्बेने, लोग, म्पो अशा तिच्या बऱ्याच बोली. खरा वाद शेजारच्या बाकोकोचा. गथ्री या इंग्रज अभ्यासकाने बांटू भाषांना क्रमांक दिले, त्यात बासा आणि बाकोको दोघींना ए-43 खाली बसवलं. इतर यादीकार बाकोकोला वेगळी भाषा मोजतात. मालवणी मराठीची की कोकणीची, यावर आमच्या मेसमध्ये जेवणं थंड व्हायची, तसंच हे.

फौजी माणूस म्हणून या भाषेतला एक शब्द मला सोडत नाही: 'म्पोदोल'. लोकांचं म्हणणं त्यांच्या वतीने मांडणारा. बासा लोकांनी तो रुबेन उम न्योबे यांना दिला. 1952 मध्ये त्यांनी संयुक्त राष्ट्रांपुढे कॅमेरूनच्या स्वातंत्र्याची मागणी मांडली. पुढे पक्षावर बंदी आली, ते जंगलात गेले. 13 सप्टेंबर 1958 रोजी बूमन्येबेलजवळच्या रानात फ्रेंच हुकमतीखालच्या फौजेने त्यांना गोळ्या घातल्या. नंतर कित्येक वर्षं त्यांचं नाव उघडपणे घेणं धोक्याचं होतं. देशाने कायदा करून त्यांचा मान परत दिला तो 1991 मध्ये.