बाकावरचे वर्ष

मराठीच्या मास्तराला बास्केटबॉलची उठाठेव कशाला, असे वाचक विचारतील. माझा त्या खेळाशी संबंध आमच्या महाविद्यालयाच्या मागच्या मैदानावरून जाता-येता चेंडू अंगावर येऊ नये एवढ्यापुरताच! पण २०१८ साली अमेरिकेत या खेळावरून जो वाद पेटला, तो मुळात एका शब्दाच्या अर्थाचा होता. आणि शब्दार्थाचे भांडण कुठेही चालले असले, तरी मला तेथे थांबल्याशिवाय राहवत नाही.

तो शब्द 'रूकी'. पहिल्या हंगामातल्या खेळाडूला तिकडे रूकी म्हणतात आणि अशांतल्या सर्वोत्तमाला दरसाल पारितोषिक देतात. शब्द पलटणीतला. 'रिक्रूट'चा तो अपभ्रंश असावा असे मानतात; त्याला पुस्तकात आणणाऱ्यांत रुडयार्ड किपलिंग हा एक, जो आपल्या मुंबईत जन्मला. आता शिपायाचे नवखेपण मोजायचे कोठून? भरतीच्या दिवसापासून, की पहिल्या चकमकीपासून? सगळा वाद या एका प्रश्नात आहे.

मेलबर्नमध्ये जन्मलेल्या बेन सिमन्सला फिलाडेल्फियाच्या संघाने २०१६ च्या निवडीत पहिल्या क्रमांकावर घेतले. सप्टेंबरअखेर सराव-शिबिरात त्याच्या उजव्या पायाचे हाड मोडले आणि सबंध २०१६-१७ चा हंगाम बाकावर गेला. तो पहिला सामना खेळला ऑक्टोबर २०१७ मध्ये. त्याच हंगामात यूटाच्या संघात डॉनोव्हन मिचेल आला. २०१७ च्या निवडीतला, तेरावा, फारशी कोणाची अपेक्षा नसलेला. त्याने सामन्यागणिक वीसवर गुण काढून सर्वांना चकित केले. सिमन्सचे गुण सोळाच्या आत. पण उसळता चेंडू पकडणे आणि सहकाऱ्याच्या हाती नेमका पोचवणे, या दोहोंत त्याची सरासरी आठाच्या वर. दोघेही लायक! मग लोक विचारू लागले, हा सिमन्स नवा कसा?

त्यांचे म्हणणे अगदीच पोकळ नव्हते. वर्षभर तो संघाचा पगार घेत होता, संघातल्या जाणत्या शिक्षकांच्या देखरेखीखाली होता, मोठ्या खेळाडूंचा खेळ जवळून पाहत होता. कराराचे पहिले वर्षही दुखापतीतच जमा झाले. म्हणजे पगाराच्या वहीत जुना आणि मैदानावर नवा, असा हा दुहेरी हिशेब. एप्रिल २०१८ मध्ये मिचेलने तर कमालच केली. अंगातल्या सदऱ्यावर शब्दकोशातली रूकीची व्याख्याच छापून तो सरावाला आला! व्याख्येचा आशय असा, की व्यावसायिक संघाचा सदस्य म्हणून आपला पहिला हंगाम खेळणारा तो रूकी. मला हा मुलगा तेव्हापासून आवडतो. कोश अंगावर घालून फिरणारे विद्यार्थी आम्हाला कोठे मिळायला! पण व्याकरणाच्या मास्तराने त्या वाक्यावर बोट ठेवले असते. त्यात 'खेळणारा' असे धातुसाधित आहे. सिमन्स २०१६-१७ मध्ये सदस्य होता, खेळणारा नव्हता. सदऱ्यानेच साक्ष फिरवली म्हणायची.

आणखी एक गोष्ट फारशी कोणी पाहिली नाही. सिमन्सचा जन्म २० जुलै १९९६ चा, मिचेलचा ७ सप्टेंबर १९९६ चा. 'जुना' हा 'नव्या'पेक्षा दीड महिन्याने मोठा! शिवाय महाविद्यालयाच्या संघात सिमन्स एकच वर्ष खेळला होता, मिचेल दोन. बाकावर बसून पाहिलेले वर्ष अनुभवात धरायचे आणि मैदानात घाम गाळलेले धरायचे नाही, हा कोणता न्याय?

नियम मात्र स्पष्ट होता आणि परिपाठही जुना होता. डेव्हिड रॉबिन्सनची निवड १९८७ सालची. नौदलाची नोकरी आटोपून तो १९८९ मध्ये आला आणि पारितोषिक घेऊन गेला. ब्लेक ग्रिफिनचे तर हुबेहूब सिमन्ससारखे. २००९ चा पहिला क्रमांक, हंगामाच्या तोंडावर गुडघ्याची वाटी दुखावली, वर्ष बुडाले. आणि २०११ मध्ये एकमुखाने पारितोषिक. जोएल एम्बीडची दोन वर्षे गेली. तो आला तेव्हा ३१ सामनेच खेळू शकला आणि २०१७ चे पारितोषिक माल्कम ब्रॉग्डनला मिळाले. गंमत अशी, की ब्रॉग्डन एम्बीडपेक्षा वयाने वर्षाहून मोठा. विद्यापीठात पाच वर्षे काढलेला, त्यातले एक पायाच्या दुखापतीत. त्याच्या नवेपणाबद्दल कोणी ब्र काढला नाही.

शेवटी १०१ मतदारांपैकी ९० जणांनी सिमन्सला पहिले स्थान दिले, ११ जणांनी मिचेलला. पुढे चेट होल्मग्रेनचेही पहिले वर्ष असेच गेले. पण २०२४ मध्ये समोर वेम्बान्यामासारखा उंच फ्रेंच मुलगा उभा होता, तेव्हा बाकावरच्या वर्षाचा काही उपयोग झाला नाही.

आमच्या मराठीत दोन शब्द आहेत, नवशिका आणि नवखा. आपण ते सरमिसळ वापरतो. शिकायला नुकता लागलेला तो नवशिका. त्या जागी, त्या प्रसंगाला परका तो नवखा. पुस्तक वर्षभर वाचूनही माणूस व्यासपीठावर नवखाच असतो, पाय लटपटतातच. सिमन्स नवशिका राहिला नसेल, नवखा होता.

हे मला फार उशिरा सुचले. काही वर्षांपूर्वी मी एका वक्तृत्व स्पर्धेच्या समितीवर होतो. ढाल फक्त प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी. एका मुलाचा प्रवेशानंतर पंधरवड्यातच पाय मोडला होता. ते वर्ष घरी काढून तो पुन्हा प्रथम वर्षालाच बसला होता. आक्षेप आला, की हा गेल्या सालचा, वर्षभर ग्रंथालयाची पुस्तके घरी नेत होता, इतरांवर अन्याय होईल. मतदान झाले आणि त्याचे नाव कापले गेले. कापणाऱ्यांत मी होतो. अर्जात एक रकाना होता: 'यापूर्वी या स्पर्धेत बोलला आहात काय?' त्याने ठसठशीत अक्षरात 'नाही' लिहिले होते. मी ते वाचले होते.