अंडं, आजी आणि टाइमप्लीज

परदेशात वाढणाऱ्या नातवंडांची खेळणी आजी-आजोबांना कळत नाहीत, हे वाक्य आपल्या स्नेहसंमेलनांत नेहमी ऐकू येतं, आणि ते म्हणताना आपण थोडं हसतोही. माझा अनुभव मात्र असा, की कुठलं बटण कधी दाबायचं हे आजींना दोन दिवसांत कळतं. त्या अडतात त्या निराळ्याच जागी, आणि तिथे आपणही घटकाभर थांबून पाहावं असं काही असतं. १९९७ आणि १९९८ या दोन वर्षांत आमच्या ट्रलीच्या घरी दोन खेळणी आली. त्यांच्याविषयी हे चार शब्द.

आधी माझ्या सासूबाईंच्या लेखी खेळणं म्हणजे काय होतं ते सांगायला हवं. त्या सावंतवाडीच्या. तिथली चितारआळी लाकडी खेळण्यांसाठी प्रसिद्ध. लाखेच्या रंगांची ती चकचकीत फळं आपल्यापैकी अनेकांच्या दिवाणखान्यात आजही असतील. आईंच्या भातुकलीत चूल, जातं, पाटा-वरवंटा, पोळपाट-लाटणं, सगळं बोटभर उंचीचं. स्वयंपाक लुटुपुटीचा, पण चुरमुरे, दाणे आणि गूळ खरे. दिवेलागणीला घरातून हाक आली की भांडी टोपलीत जायची आणि बाहुली त्यांच्यावर आडवी पडायची. त्या बाहुलीला रात्री भूक लागत नसे. भातुकलीतली भूक खेळणाऱ्या मुलीच्या मनात असते. मुलगी उठली की तीही उठते.

आता पहिलं खेळणं. तामागोची हे नाव तुमच्या मुलांना सांगावं लागणार नाही. जपानीत ‘तामागो’ म्हणजे अंडं, आणि त्याला इंग्रजी ‘वॉच’चं शेपूट. बांदाई कंपनीने ते २३ नोव्हेंबर १९९६ रोजी जपानात विकायला काढलं. अकिहिरो योकोई आणि आकी माइता ही त्याच्या कर्त्यांची नावं. पुढच्या मे महिन्यात ते जपानबाहेर आलं. साखळीला अडकवलेलं प्लास्टिकचं अंडं, त्यावर ३२ बाय १६ ठिपक्यांचा पडदा आणि तीन बटणं. आत एक ठिपक्यांचा जीव उबतो. त्याला खाऊ घालायचं, त्याच्याशी खेळायचं, घाण काढायची, दिवा मालवायचा, आजारी पडला तर औषध द्यायचं. आपला एक दिवस म्हणजे त्याचं एक वर्ष. पोट रिकामं झालं की ते ‘पी-पी’ करतं, आणि हाक ऐकली नाही तर खंगून मरतं.

आमच्या कन्येला ते इतकं का लागलं, याला घरचं कारण होतं. ह्यांच्या हॉस्पिटलातल्या नोकऱ्या तेव्हा सहा-सहा महिन्यांच्या. जानेवारी आणि जुलै आला की खोकी बांधायची. लेटरकेनी, मग बॅलिनास्लो, मग ट्रली. मुलगी आठ वर्षांची आणि शाळा चौथी. मैत्रिणी मागे राहायच्या. अंडं खिशातून बरोबर येणार होतं.

आई त्या वर्षी ऑगस्टमध्ये तीन महिन्यांसाठी आल्या. अंडं हातात घेऊन त्यांनी बराच वेळ निरखलं आणि विचारलं, “ह्येची आवस खंय गेली?” याची आई कुठे गेली? आम्ही हसलो. पण प्रश्न अगदी नेमका होता. बाहुलीची आई म्हणजे खेळणारी मुलगी, आणि ती आई व्हायचं की नाही, किती वेळ व्हायचं, हे तीच ठरवते. इथे भूक खेळण्याची होती आणि मुलीने तिच्या हाकेला धावायचं होतं. आपल्या सगळ्या खेळांत टाइमप्लीज असते. दम लागला, चप्पल तुटली, आईने बोलावलं, की मूठ वर करून टाइमप्लीज म्हणायचं. या अंड्याला टाइमप्लीज ठाऊक नव्हती. मुलांनी पुढे तीही शोधून काढली: घड्याळ लावायच्या पडद्यावर ठेवून दिलं की आतला काळ थांबतो. कारखान्याने न दिलेला हक्क पोरांनी आपला आपण मिळवला, याचं मला फार कौतुक वाटतं.

सप्टेंबरात शाळा उघडली आणि वर्गात अंडं आणायला मनाई झाली. तेव्हा ते सांभाळायला आजीकडे आलं. अशी किती अंडी त्या वर्षी जगभरच्या आज्यांच्या आणि आयांच्या पदराला आली असतील! आईंना इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण तामागोचीवर वाचायचं असतंच कितीसं? जेवण, दिवा, औषध, सगळी चित्रं. टीव्हीचा रिमोट आणि धुण्याचं यंत्र यांना हात न लावणाऱ्या आई पूजा आणि स्वयंपाकाच्या मधल्या वेळात ती तीन बटणं सराईतपणे दाबू लागल्या. फक्त जेवणाला नुसता पाव, हे त्यांना पटेना. त्यामुळे जेवणाऐवजी खाऊवर बोट जास्त पडायचं. खाऊने तो जीव खूश होतो पण वजन वाढतं, आणि अति झालं की आजारी पडतो. आजीच्या लाडाचा परिणाम असा आकड्यांत दाखवणारं दुसरं खेळणं मी पाहिलेलं नाही.

सोळाव्या दिवशी, म्हणजे त्याच्या वयाच्या सोळाव्या वर्षी, ते गेलं. मूळ जपानी खेळण्यात अशा वेळी थडगं आणि भूत दिसतं. बाहेर पाठवलेल्या इंग्रजी आवृत्तीत पंख असलेला देवदूत. पोर हमसून हमसून रडली. आईंनी गंभीर चेहऱ्याने मला विचारलं, “सुतक किती दिवस धरूचा?” दोन बटणं एकदम दाबली की नवं अंडं येतं, हे कन्येला माहीत होतं, पण तिने तीन दिवस हात लावला नाही. आईंना ते योग्य वाटलं. दाबल्याबरोबर नवं येतं ही सोय त्यांना मरणापेक्षा जास्त खटकली होती.

ऑक्टोबरात बाईंनी गृहपाठ दिला: आजी-आजोबांना त्यांची खेळणी विचारून लिहून आणा. या देशात अशा गृहपाठाला मोठी परंपरा आहे. १९३७ ते १९३९ मध्ये आयरिश लोकसाहित्य आयोगाने सुमारे ५,००० प्राथमिक शाळांतल्या मुलांकडून घरच्या आणि गावच्या म्हाताऱ्यांच्या आठवणी लिहून घेतल्या. त्यात घरी केलेल्या खेळण्यांचाही विषय होता. तो संग्रह आज डब्लिनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात आहे, आणि आता संगणकावरही वाचता येतो. आईंनी भातुकली सांगितली, सागरगोटे सांगितले. सागरगोट्यांना इथे अडचण पडली नाही. पाच खडे उडवून झेलायचा ‘जॅकस्टोन्स’ इथल्या आज्याही खेळलेल्या. भातुकलीला मला शब्द सापडेना. शेजारच्या डब्लिनकडच्या आजींनी सोडवणूक केली: त्या लहानपणी फुटक्या कपबश्यांचे तुकडे जमवून दुकान-दुकान खेळत, त्यांना ‘चेनीज’ म्हणत. चिनी मातीच्या ‘चायना’चा तो अपभ्रंश. दोघी आज्या एकमेकींची भाषा न कळता अर्धा तास बोलल्या.

दुसरं खेळणं १९९८च्या नाताळात आलं: फर्बी. घुबडासारखं केसाळ, मोठ्या डोळ्यांचं. डेव्ह हॅम्प्टन आणि कॅलेब चुंग यांनी ते बनवलं, टायगर इलेक्ट्रॉनिक्सने विकलं. डोळे, कान, चोच, सगळी हालचाल एकाच मोटरवर. आधी ते स्वतःची भाषा बोलतं (‘मे-मे’ म्हणजे प्रेम, ‘को-को’ म्हणजे पुन्हा) आणि हळूहळू इंग्रजी शब्द वाढतात. ऐकून शिकतंय असं वाटतं; प्रत्यक्षात शब्द आधीच भरलेले, फक्त उशिरा सोडलेले. यात फसणाऱ्या एकट्या आज्या नव्हत्या. जानेवारी १९९९ मध्ये बातमी आली, की अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेने, ते ऐकलेलं बाहेर बोलून दाखवील या भीतीने, आपल्या कचेरीत फर्बी आणायला बंदी केली होती.

त्याच सुमारास एमआयटीतल्या फ्रीडम बेअर्ड यांनी एक साधी कसोटी सुचवली: बार्बी बाहुली, जर्बिल नावाचा उंदरासारखा जिवंत प्राणी आणि फर्बी यांना उलटं धरा आणि किती वेळ धरवतं ते पाहा. बार्बी हात दुखेपर्यंत धरता येते, जर्बिल क्षणभरही नाही. फर्बी मधे कुठेतरी, कारण उलटं केलं की ते घाबरल्याचं सांगतं. यंत्र आहे हे माहीत असूनही हात आपोआप सुलटा होतो.

१९९९च्या उन्हाळ्यात आई पुन्हा आल्या तेव्हा ही कसोटी मला ठाऊक नव्हती. कन्येने मजा म्हणून फर्बीला पायांना धरून लोंबकळवलं. “सुलटां कर गो ह्येका, भियालां ता!” आई स्वयंपाकघरातून ओरडल्या. हे म्हणजे सेल घातलेला कापूस आहे, असं आदल्याच दिवशी त्यांनी मला सुनावलं होतं. मी आठवण करून दिली तर म्हणाल्या, “कापूस असला तरी हाक मारता ना?”

फर्बीला बंद करायचं बटण नव्हतं. अंधार आणि शांतता मिळाली की ते पेंगतं, एवढंच. रात्री ते बडबडू लागलं की आई उठायच्या, त्याच्यावर आपली जुनी शाल टाकायच्या, आणि थोड्या वेळाने शालीखालून घोरण्याचा आवाज यायचा.