महागडी दुर्बीण: जादा पैसे नेमके कशाचे?

८×४२ म्हणजे आठपट जवळ दिसणार आणि पुढच्या भिंगांचा व्यास ४२ मिमी. हे आकडे स्वस्त दुर्बिणीवरही तेच! मग स्वारोव्हस्की, झाइस लाखांत का? फरक काचेत आणि लेपांत. भिगवणला भर उन्हात रोहित पक्षी पाहा: साध्या काचेत पांढऱ्या पिसांना जांभळी झालर दिसते, ईडी काचेत ती बरीच कमी होते. दुर्बिणीतल्या रूफ प्रिझमवर फेज-कोटिंग हा लेप नसेल तर बारीक तपशील पुसटतात.

माझं मत? तीस-चाळीस हजारांत दोन्ही मिळतं. त्यापुढे किंमत भराभर वाढते, दिसण्यातला फरक मात्र थोडाच. चष्मा लावणाऱ्यांनी आधी आय-रिलीफ (मागच्या भिंगापासून डोळा किती लांब ठेवता येतो ते अंतर) बघा, १६ मिमी तरी हवाच. नाहीतर लाखाची दुर्बीणही कडेचं दृश्य कापेल.