खूण ओळखणारे कंद

युरोपातल्या बागांची चित्रे पाहताना एक बुटके फूल हमखास दिसते. बर्फ वितळू लागला की जमिनीतून जांभळ्या, पिवळ्या, पांढऱ्या वाट्या वर येतात. हा क्रोकस, आपल्या केशराचा भाऊबंद. काश्मीरमध्ये पांपोरचे केशर ऑक्टोबर-नोव्हेंबरात फुलते. हा मात्र थंडी सरताना. ‘आपल्या धाराशिवला तो लावता येईल का?’ असे पुष्कळजण विचारतात.

श्रोतेहो, कंद म्हणजे झाडाची शिदोरी. वाईट दिवस जमिनीखाली झोपून काढायचे आणि खूण पटली की उठायचे, हा त्याचा स्वभाव. क्रोकसची खूण आहे थंडी. सुमारे तीन महिने नऊ अंशांखालचा सलग गारवा त्याला लागतो. आपल्याकडे पहाटे हुडहुडी भरते, पण दुपारी ऊन चटके देते. कंद फ्रीजमध्ये ठेवून एखाद्या वर्षी फूल काढता येईल. पुढे मात्र आपला उन्हाळा त्याला सोसवत नाही.

मग आपली खूण कोणती? पाऊस. ती ओळखणारा कंद म्हणजे गुलाबी पावसाळी लिली. तीही मूळची परदेशी, अमेरिका खंडातली. पण आपल्या मातीत छान रुळली आहे. कोरड्यानंतर चांगला पाऊस झाला, की चार-पाच दिवसांत तिचे दांडे वर येतात. एक फूल दोन दिवस टिकते, पण पावसाळ्यात बहर पुन्हा पुन्हा येतो.

मेअखेरीस कंद लावावेत. नुसत्या काळ्या मातीत पाणी साचून कंद कुजतात. म्हणून निम्मी माती घेऊन उरलेल्या निम्म्यात मुरूम आणि कुजलेले शेणखत मिसळावे. कंद दोन इंच खोल, तीन-तीन इंचांवर, भरपूर उन्हात लावावेत. फूल गेल्यावर पात कापू नये. तीच पुढच्या वर्षाची शिदोरी भरते. तीन-चार वर्षांनी दाटी झाली की कंद सुटे करून शेजारीपाजारी वाटावेत. एक जपावे: कंद कांद्यासारखा दिसतो, पण विषारी असतो. लेकरांच्या आणि गुरांच्या तोंडी लागू देऊ नये.

उन्हाळ्यात पात वाळली तर घाबरू नका, पाणीही घालू नका. आपल्या जिल्ह्यात ही गोष्ट लहान नाही. 2016 च्या एप्रिलमध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. टँकरची वाट पाहणाऱ्या घरात फुलझाड म्हणजे चैन वाटते. घागरभर पाणी माणसाला द्यावे की झाडाला, असा प्रश्न पडतो. ही लिली त्या घागरीत वाटा मागत नाही.

आमच्या घरात केशराला जाफरान म्हणतात आणि निशिगंधाला गुलशब्बो. नावे दुरून येतात, कंदही दुरून येतात. माती त्यांना गाव विचारत नाही. इथली खूण ओळखता येते का, एवढेच पाहते.